घोडीची ओळ आणि वहीचं पान



आज कांद्याचं रोप नाही, टोमॅटोचा करपा नाही. आज घोड्यावर लिहितोय. शेताच्या पानावर घोडा कशाला, असं काहींना वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा, विषय आपल्याच गोठ्यात येऊन थांबतो.

बाहेरच्या मित्रांसाठी आधी एक सांगतो. आमच्या जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागात बैलगाडा शर्यतीला घाट म्हणतात. गाड्याला चार बैल, आणि बैलांच्या पुढं स्वार घेऊन पळणारी घोडी. बैल घोडीच्या मागं पळतात. घोडी कमी पडली तर बैल कितीही तयार असू द्या, बारी सेकंदानं हुकते. म्हणून आमच्याकडं बैलाइतकीच घोडीची किंमत.

वडिलांनी १९८६ साली माळेगावच्या यात्रेतून एक घोडी आणली होती. कुमैत रंग, चारी पाय आणि कपाळ पांढरं, म्हणजे पंचकल्याणी. तिची शिंगी, त्या शिंगीची शिंगी, अशा चार पिढ्या आमच्या दावणीला झाल्या. सगळ्यांचा एकच गुण, गर्दीला बुजायच्या नाहीत आणि मागून चार बैल आले तरी रेघ सोडायच्या नाहीत. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतीवर बंदी घातली. घोडीला रोजची चंदी, दर महिन्या-दीड महिन्याला नाल, वर काम काहीच नाही. दोन वर्षं कळ काढली. २०१६ ला दुष्काळातून उठलेलो, तेव्हा दिली एका व्यापाऱ्याला. त्यानं पुढं दिली, पुढच्यानं वरातीला लावली, एवढंच कळलं. डिसेंबर २०२१ ला शर्यतींना परवानगी मिळाली आणि मी त्या ओळीची एखादी शिंगी मिळते का म्हणून हिंडलो. तीन जणांनी "तीच ओळ हाय" म्हणून घोड्या दाखवल्या. कुणाकडं कागद नाही, माझ्याकडं फोटोसुद्धा नाही. ओळखणार कशावरून? वडील होते तोवर सगळं त्यांच्या तोंडात होतं. ते गेले, ओळ गेली.

तेव्हापासून घोड्यांच्या वंशावळीचं मिळेल ते वाचत आलोय. त्यातलं जे आपल्या कामाचं वाटलं ते लिहितो.

सुरुवात आपल्या गावापासून. नाणेघाटात गेलेल्यांनी लेण्यातला तो मोठा शिलालेख पाहिला असेल. सातवाहनांच्या नागनिका राणीचा. दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात यज्ञांची यादी आहे, अश्वमेधही आहे, आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती यांचे आकडे आहेत. म्हणजे जुन्नरच्या मातीत घोड्याची नोंद दगडावर आहे. कोकणातल्या बंदरावर उतरलेला माल याच घाटानं वर यायचा.

पुढं ३० एप्रिल १६५७ च्या रात्री शिवाजीराजांनी मोगलांच्या ताब्यातलं जुन्नर मारलं. तटाला शिड्या लावून मावळे आत उतरले. तीन लाख होन आणि दोनशे घोडे हाती लागले. होनांइतकीच घोड्यांची नोंद राहिली, कारण त्या काळात घोडा म्हणजे फौज. सरकारी पागेतला घोडा घेऊन लढणारा बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार. ज्याच्या दारात घोडी त्याच्या घरात शिलेदारी.

हे घोडे कसले होते? भीमाशंकरच्या डोंगरात उगवणारी भीमा, आणि तिला मिळणाऱ्या आपल्या नद्या. कुकडी, मीना घोडला मिळतात, घोड भीमेला. भीमेच्या काठाला म्हणायचं भीमथडी. इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता. या भीमा-नीरेच्या काठच्या घोड्याला भीमथडी घोडा म्हणत. उंचीला बेताचा, पाय कोरडे, खूर टणक, मिळेल त्या चाऱ्यावर जगणारा, दिवसभर चालून दुसऱ्या दिवशी परत चालणारा. दख्खनची तट्टं म्हणून ज्यांना कुणी हसलं असेल, त्यांच्याच पाठीवर मराठे अटकेपर्यंत गेले. मूळच्या देशी घोडीला बाहेरून आलेल्या अरबी घोड्याचं रक्त लागत गेलं आणि त्यातून ही जात घडली असं जाणकार मानतात.

मग राज्य गेलं. शिरूरला १८१७ मध्ये घोडदळ उभं राहिलं, तेच पुढं पूना हॉर्स. ही पलटण आजही आहे, घोड्यांऐवजी रणगाडे चालवते. शिरूर तालुक्यातल्या आलेगावला कंपनी सरकारनं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घोडे पैदास केंद्र चालवलं. गावाचं नाव आजही आलेगाव पागा. तेही काही वर्षांत बंद पडलं. फौजेला अरबी घोडे मुंबईच्या बंदरावर उतरू लागले, नंतर ऑस्ट्रेलियातून येऊ लागले. शिलेदार राहिले नाहीत, घोडीचं काम संपलं. भीमथडीची वही तर कुणी ठेवलीच नव्हती. कोणत्या पागेत कोणती घोडी, तिला कोणता नर लागला, हे पागेवाल्याच्या डोक्यात. पागा मोडली की ते डोकंही गेलं.

नेमक्या त्याच काळात, इकडं आपली जात विस्कटत असताना, इंग्लंडात उलटं घडत होतं.

तिकडं शर्यतीचा घोडा तयार झाला त्याला थरोब्रेड म्हणतात. जगातल्या सगळ्या थरोब्रेड घोड्यांच्या बापाची ओळ तीनच नरांना जाऊन मिळते. पहिला बायर्ली टर्क. कॅप्टन बायर्लीचा हा लढाईतला घोडा, १६९० च्या बॉइनच्या लढाईत होता. दुसरा डार्ली अरेबियन, १७०४ मध्ये सीरियातल्या अलेप्पोहून घेतलेला. तिसरा गोडॉल्फिन अरेबियन. तिघेही पूर्वेकडचे, म्हणजे ज्या बाजूचं रक्त आपल्या भीमथडीत आलं त्याच बाजूचे. नर सारखेच होते म्हणायला हरकत नाही. फरक पडला तो पुढं.

फरक असा की १७९१ मध्ये वेदरबी नावाच्या गृहस्थानं लंडनमध्ये घोड्यांच्या वंशावळीचं पुस्तक छापायला घेतलं, जनरल स्टड बुक. अमुक घोडी, तिची आई, आईची आई, तिला कोणत्या साली कोणता नर, शिंगरू नर की मादी, रंग काय. पुढं नियम झाला की ज्याचे आईबाप दोघंही या पुस्तकात तोच थरोब्रेड. दोनशे तीसपेक्षा जास्त वर्षं झाली, ते पुस्तक अजून चालू आहे. आजही थरोब्रेडला कृत्रिम रेतन चालत नाही. नर आणि घोडी समोरासमोर आणूनच फळवावी लागते, नाहीतर शिंगराची नोंद होत नाही.

डार्ली अरेबियनच्या ओळीत १७६४ मध्ये एक शिंगरू झालं. त्या वर्षी मोठं सूर्यग्रहण लागलं होतं म्हणून नाव ठेवलं एक्लिप्स. १८ शर्यती पळाला, एकही हरला नाही. आजच्या बहुतेक थरोब्रेडांची बापाची ओळ त्याच्यावरून जाते. १७८९ मध्ये तो मेला तेव्हा सेंबेल नावाच्या फ्रेंच पशुवैद्यानं त्याचं शरीर उघडून हाड न् हाड मोजलं. हा घोडा एवढा का पळतो ते बघायला. पुढं १७९१ मध्ये लंडनचं पशुवैद्यक कॉलेज निघालं, त्याचा पहिला प्रमुख हाच सेंबेल. आपल्या पशुवैद्य मित्रांनी ही नोंद घ्यावी.

आता आईची बाजू. ब्रूस लो नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसानं पुस्तकातल्या सगळ्या घोड्या मागं मागं नेत त्यांच्या मूळ आया काढल्या, त्या ओळींना १ ते ४३ असे नंबर दिले. १८९५ मध्ये त्याचं पुस्तक आलं. जिच्या पोटच्या ओळीत मोठ्या शर्यती जास्त जिंकल्या तिचा नंबर वर. पुढं शंभर वर्षांनी डीएनए तपासल्यावर काही ओळी पुस्तकाशी जुळल्या नाहीत, म्हणजे जुन्या नोंदीत चुका होत्या. पण बघा, चूक सापडली ती नोंद होती म्हणून. जिथं नोंदच नाही तिथं चूक तरी कशी सापडणार?

आणि या वहीचं भारतातलं पान कुठं आहे माहीत आहे का? आपल्या पुण्यात. स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाचं काम पुण्यातून चालतं. देशातलं प्रत्येक थरोब्रेड शिंगरू तिथं नोंदलं जातं, डीएनए जुळवून. पुण्यात घोड्यांच्या शर्यती १८३० पासून आहेत. पूनावाला कुटुंबाची घोडे पैदास १९४६ पासूनची. त्यांच्याकडचे म्हातारे घोडे सीरम काढायला मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे, त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट निघाली. सापाची लसही घोड्याच्याच रक्तातून होते. आपल्या नारायणगावलाच ती तयार करणारा कारखाना आहे. ऊस तोडताना, कडबा उचलताना फुरसं चावलेल्या माणसाला ती लागते. शर्यत संपली तरी घोडा कामाला येतो तो असा.

आता उड्यांकडं येतो. घोडेस्वारीच्या खेळात अडथळ्यांवरून उडी मारायची शर्यत असते. तिथं थरोब्रेड काय करतो? वेग, मोठं काळीज, लांब खांदा, चटकन प्रतिसाद हे त्याचे गुण. पण तो तापट. दीड-दोन मिनिटं डोकं थंड ठेवून बारा-पंधरा अडथळे घ्यायचे तर सगळ्याच थरोब्रेडांना जमत नाही. काहींना जमतं. अमेरिकेतली टच ऑफ क्लास नावाची थरोब्रेड घोडी शर्यतीत ६ वेळा पळाली, एकदाही जिंकली नाही. रेसवाल्यांनी काढून टाकली. तीच १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जो फार्गिस या स्वाराला घेऊन ९१ अडथळ्यांपैकी ९० बिनचूक ओलांडून गेली. वैयक्तिक आणि सांघिक, दोन सुवर्णपदकं. घाटात न चाललेला बैल औताला एक नंबर निघतो, तसंच हे. जनावर वाईट नसतं, काम चुकीचं दिलेलं असतं.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते जर्मनीतल्या होलस्टाइनच्या शेतकऱ्यांनी. उत्तरेकडचा पाणथळ, भारी जमिनीचा भाग. तिथं नांगराला आणि गाडीला थोराड घोडे लागायचे. शेतकऱ्यांनी १८८० च्या दशकातच आपल्या घोड्यांची वही घातली होती आणि घोड्यांच्या मायओळींना नंबर दिले होते. त्याच जातीचा मिटिओर हा घोडा फ्रिट्झ टीडेमान या स्वाराबरोबर १९५६ आणि १९६० च्या ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या सुवर्णपदक विजेत्या संघात होता. पण तोवर शेतात ट्रॅक्टर आला होता. घोड्या झपाट्यानं कमी झाल्या. जात संपणार असं दिसायला लागलं.

त्यांनी काय केलं? घोड्या ठेवल्या, काम बदललं. शेतकऱ्यांच्या दावणीच्या थोराड घोड्यांना बाहेरून थरोब्रेड नर लावायला सुरुवात केली. त्यातला एक लेडीकिलर, इंग्लंडचा, जन्म १९६१. त्याची दोन पोरं, लँडग्राफ आणि लॉर्ड. आज जगात कुठल्याही मोठ्या उड्यांच्या मैदानावर जा, यांचं रक्त सापडतं. जर्मन वहीत थरोब्रेडच्या नावापुढं दोन फुल्या मारतात, म्हणजे कुठल्या पिढीत किती थरोब्रेड रक्त मिसळलं हे बघताक्षणी कळतं. मिसळायचं कुठं आणि थांबायचं कुठं हे त्या फुल्या मोजून ठरवायचं. जास्त झालं तर घोडा हलका आणि तापट, कमी झालं तर जड आणि मंद.

आपल्या भाषेत सांगायचं तर थरोब्रेड म्हणजे सरळ वाण. होलस्टाइनचा घोडा म्हणजे स्थानिक वाणावर संकर करून पिढ्यान् पिढ्या निवड केलेला वाण. आणि निवड करायची तर प्लॉटला पाटी लागते. पाटी पडली की कुठल्या ओळीत कोणतं बी हे कुणालाच सांगता येत नाही, हे कांद्याचं बी घरी धरणाऱ्याला मी काय सांगावं.

असंच एक फ्रेंच घोडं होतं जापलू. बाप गाडी ओढत दुडक्या शर्यतीत पळणाऱ्या जातीचा, आई थरोब्रेड. उंची फक्त १५८ सेंटीमीटर, त्या मैदानावर सगळ्यात बारका म्हणावा असा. १९८४ ला स्वाराला पाडलं, आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्याच स्वाराला, पिएर दुरांला, सुवर्णपदक मिळवून दिलं. आपल्या शेजारी तळेगाव दाभाड्याजवळ घोडेस्वारी शिकवणारं केंद्र आहे, त्याचं नाव याच घोड्यावरून आहे. भारतालाही या खेळात मान मिळालाय. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळात रघुबीर सिंग यांनी शहजादा या घोड्यावर सुवर्णपदक घेतलं. २०१८ ला फवाद मिर्झानं रौप्य घेतलं, त्याचा घोडा मात्र जर्मन पैदाशीचा.

म्हणजे घोडा आपल्याकडं होता, घाट आपल्याकडं, चढावर दम टिकवणारी जात आपल्याकडं. वही नव्हती.

आता चांगली बातमी. भीमथडी पूर्ण संपला नव्हता. दरसाल पावसाळा सरला की धनगरांचे वाडे आपल्या शिवारात येतात. आपण मेंढरं बसवतो, खताला. त्यांच्याबरोबर घोडी असतात बघा. पाठीवर बिऱ्हाड, वर कोंबड्या, कधी नवं कोकरू, कधी लेकरू. तीच ही जात. राजांच्या पागा मोडल्या, पण धनगराचं बिऱ्हाड चालू राहिलं, म्हणून घोडी राहिली. काम राहिलं तर जात राहते. अभ्यासकांनी या घोड्यांची मापं घेतली, डीएनए तपासला, इतर जातींपेक्षा वेगळी ठरवली. आणि २०२३-२४ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीला घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं. देशातली आठवी. मारवाडी, काठियावाडीच्या पंगतीत आता आपली भीमथडी बसली.

मागच्या दिवाळीनंतर आमच्या खालच्या रानात वाडा बसला होता. एक कुमैत घोडी दिसली, दोन पाय पांढरे. सहज म्हणून वाड्यावरच्या म्हातारीला विचारलं, "मावशी, हिची आई कुठली?" तिनं दळता दळता सांगितलं. हिची आई अमुक गावच्या माळावर व्याली, तिची आई लेकीच्या लग्नात आंदण दिलेली, तिच्या आईला वाघरानं पायाला धरलं होतं तरी जगली. चार पिढ्या, न अडखळता. मी म्हटलं, "थांबा मावशी," आणि घरातून पोराची वही आणली. म्हातारी हसायला लागली. म्हणाली, "लिवून काय करतू? म्या हाय की."

माझे वडीलही असंच म्हणायचे.

ती माझ्या घोडीची ओळ नव्हे, हे मला माहीत आहे. पण ते पान मी लिहून घेतलं. एक प्रत त्यांच्या शाळेत जाणाऱ्या नातवाला दिली, कारण ओळ त्यांची आहे.

आता आपल्या गोठ्याचं. गाई-म्हशींच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आहे. डॉक्टर रेतन करतात तेव्हा कांडीवर वळूचा नंबर असतो. आपण ती कांडी उकिरड्यावर टाकतो. पुढं पाडी मोठी होते आणि तिला बापाच्याच कांडीनं भरवतो, दूध घटलं की पेंडीला दोष देतो. खिल्लारवाल्यांनो, तुमचंही तेच. घाटाचा राजा ठरलेल्या बैलाची आई कोण, विचारलं तर दहातल्या आठ जणांना गाव सांगता येतं, गाय सांगता येत नाही. बैलाच्या बापाची सगळे जाहिरात करतात. गुण निम्मा आईकडून येतो.

एक दोनशे पानी वही घ्या. एका जनावराला एक पान. नाव, बिल्ल्याचा नंबर, जन्मतारीख, रंग-खुणा, आई, आईची आई, बाप किंवा कांडीचा नंबर, दोन्ही बाजूंनी फोटो. विकलं तर कुणाला, कोणत्या तारखेला. घोडी गाभण राहिली तर तारीख लिहा, अकरा महिने मोजायला सोपं जातं. पाच मिनिटांचं काम आहे.

बंदी आली, दुष्काळ आला, ट्रॅक्टर आला, तर जनावर विकावं लागतं. मी विकलं, त्याची लाज नाही. पान ठेवलं नाही, ती चूक माझी.

घाटावर भेटू. ज्यांच्याकडं १९९० च्या आसपास आमच्या भागातून गेलेल्या पंचकल्याणी कुमैत घोडीची पिल्लावळ असेल, त्यांनी जुना फोटो असेल तर जरूर दाखवा. मी अजून बघतोय.